दुसऱ्या गाडीचं जपानी इंजिन बसवलंय? मग नेमका पार्ट असा शोधा

पार्टच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी कुठली, मॉडेल कोणतं, साल किती? इंजिन बदललेल्या गाडीच्या मालकानं याचं खरं उत्तर दिलं की हमखास चुकीचा पार्ट हातात पडतो. बॉडी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, गिअरबॉक्स कदाचित तिसरीचा. त्यात इंजिन फक्त जपानच्या बाजारासाठी बनवलेलं असेल, तर दुकानाच्या कॉम्प्युटरला त्याचं नावही ठाऊक नसतं. पार्ट मात्र मिळतात. प्रश्न कसा विचारायचा, एवढंच शिकावं लागतं. पुढे दिलेला क्रम नव्यानं या भानगडीत पडलेल्यांसाठी आहे. इंजिन अजून खाली स्टँडवर असेल तर फारच उत्तम, कारण निम्मी माहिती तेव्हाच डोळ्यांसमोर असते.

१. आधी एक वही

वहीत तीन रकाने आखा: डोनर गाडी, आपली गाडी, आणि 'मधले'. डोनर म्हणजे इंजिन ज्या गाडीतून निघालं ती. प्रत्येक पार्ट या तिन्हींपैकी एका रकान्यात बसतो. वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, हेड गास्केट, सेन्सर हे डोनरचे. ब्रेक, सस्पेन्शन, बहुतेक वेळा रेडिएटर हे आपल्या गाडीचे. क्लच, माउंटिंग, होजपाइप, एसीचे पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, मीटरकडे जाणारी वायर हे मधले, आणि खरी डोकेदुखी तीच. गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा असेल तर चौथा रकाना आखा.

स्वॅप, म्हणजे इंजिनाची ही अदलाबदल, दुसऱ्या कुणी केलेला असेल आणि गाडी तशीच विकत घेतली असेल, तर ही वही दुप्पट महत्त्वाची. आधीच्या मालकाला जमेल तितके प्रश्न विचारून घ्या. गाडी विकून मोकळं झालेल्या माणसाची आठवण फार काळ ताजी राहत नाही.

२. इंजिनाचं पूर्ण नाव काढा

इंजिनाचा कोड ब्लॉकवर ठोकलेला असतो, बहुधा गिअरबॉक्सच्या सांध्याजवळच्या सपाट जागेवर. तारेच्या ब्रशनं घासा, बाजूनं तिरका उजेड मारा आणि फोटो काढा.

कोडला अर्थ असतो. टोयोटाच्या २जेझेड-जीटीईमध्ये २ हा त्या मालिकेतल्या ब्लॉकचा क्रमांक, जेझेड ही मालिका, जी म्हणजे कामगिरीसाठी बनवलेलं दोन कॅमशाफ्टचं हेड, टी म्हणजे टर्बो आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. निसानच्या एसआर२०डीईटीमध्ये एसआर ही मालिका, २० म्हणजे दोन लिटर, डी म्हणजे दोन कॅमशाफ्ट, बाकीचं तेच. आरबी२६डीईटीटीमधला दुसरा टी म्हणजे दुसरा टर्बो.

नवखे लोक इथेच थांबतात आणि फसतात. एका कोडखाली अनेक पिढ्या लपलेल्या असतात. १जेझेड-जीटीई १९९६ पर्यंत दोन छोट्या टर्बोंचं होतं. त्यानंतर व्हीव्हीटी-आय, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी टोयोटाची यंत्रणा, आलं आणि एकच मोठा टर्बो. कोड मात्र बदलला नाही. एसआर२०डीईटी सिल्व्हियाच्या एस१३, एस१४ आणि एस१५ या तिन्ही पिढ्यांत बसलं. एस१४ पासून इनटेक कॅमला टायमिंग बदलणारी यंत्रणा आली आणि टर्बोही मोठा झाला. शिवाय ब्लूबर्ड आणि पल्सर जीटीआय-आरमध्ये हेच नाव आडव्या बसवलेल्या इंजिनाला होतं आणि त्याचे कितीतरी पार्ट सिल्व्हियाच्या उभ्या इंजिनाला लागत नाहीत. होंडानं तर जपानमध्ये इंटेग्रा एसआयआर आणि इंटेग्रा टाइप आर या दोन्हींच्या इंजिनावर बी१८सी एवढंच ठोकलं. एकाचं कॉम्प्रेशन १०.६, दुसऱ्याचं ११.१. पिस्टन वेगळे, इनटेक मॅनिफोल्ड वेगळा. निर्यातीच्या इंजिनांवर निदान बी१८सी१, बी१८सी५ असा फरक तरी लिहिलेला असतो.

म्हणून कोडच्या जोडीला डोनरचा चॅसिस कोड, म्हणजे मॉडेल आणि त्याची पिढी सांगणारा कोड, हवाच. उदाहरणार्थ '२जेझेड-जीटीई, जेझेडएस१६१' म्हटलं की टोयोटा अ‍ॅरिस्टोची दुसरी पिढी, व्हीव्हीटी-आयवालं इंजिन, हे एका दमात कळतं. '१जेझेड-जीटीई, जेझेडएक्स१००' म्हटलं की एका टर्बोचं.

३. डोनर कोण ते माहीत नसेल तर

हाफकट घेतला असेल, म्हणजे पुढचा अर्धा भाग कापून आलेला, तर बोनेटखाली डॅशच्या पत्र्यावर लावलेली पाटी कापण्याआधी, फेकण्याआधी फोटोत घ्या. जपानच्या देशी गाड्यांना १७ अंकी व्हीआयएन, म्हणजे बाकी जगात चालणारा गाडीचा ओळख क्रमांक, नसतो. चॅसिस कोड, मधे आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक, एवढाच त्यांचा नंबर. पार्टच्या वेबसाइटनं १७ अंक मागितले की अनेकांना वाटतं आपला नंबर अर्धवट आहे. नंबर पूर्ण असतो. ती वेबसाइट दुसऱ्या बाजारांसाठी बनवलेली असते, इतकंच.

सुटं इंजिन आलं असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, शोधा. त्याच्या लेबलवर पार्ट नंबर असतो. टोयोटाचा बहुधा ८९६६१ नं सुरू होतो, निसानचा २३७१० नं, होंडाचा ३७८२० नं. पुढचे अंक कॅटलॉगमध्ये टाकले की तो कोणत्या मॉडेलचा, कोणत्या सालचा, ऑटोमॅटिकचा की मॅन्युअलचा हे कळतं. मात्र ईसीयू त्याच इंजिनाबरोबरचा आहे याची खात्री विक्रेत्याच्या शब्दावर ठेवू नका. टर्बोवरचा नंबर, एअर फ्लो मीटरवरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणारं मीटर) नंबर, ऑईल चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, वायरिंगचे कपलर किती पिनांचे, हे सगळं त्या मॉडेलशी जुळतंय का ते पाहा. तीन-चार पुरावे एकाच गाडीकडे बोट दाखवत असतील तर डोनर सापडला. एखादाच वेगळं सांगत असेल, तर तो पार्ट आधीच कुणीतरी बदललेला आहे.

आणि हे फार वेळा घडतं. ही इंजिनं जपानमध्येच हौशी लोकांच्या हातून गेलेली असतात. निसानच्या एसआर आणि आरबी इंजिनांवर झेड३२ म्हणजे ३००झेडएक्सचं मोठं एअर फ्लो मीटर लावून ईसीयू त्याप्रमाणे ट्यून करायची जुनी पद्धत आहे. अशा इंजिनाला 'कंपनीचं मूळ' मीटर आणून लावलं तर ईसीयूला हवेचा आकडाच चुकीचा मिळतो आणि चांगलं चालणारं इंजिन धूर ओकायला लागतं. कॅटलॉग बरोबर, पार्ट नवा, तरी निकाल चूक. म्हणून जागेवर प्रत्यक्ष काय बसलंय त्याचा नंबर आधी वाचायचा, कॅटलॉग त्यानंतर.

जाता जाता: 'जपानमध्ये ठरावीक किलोमीटरनंतर इंजिन बदलावंच लागतं, म्हणून ही इंजिनं जवळजवळ नवी असतात' हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. असा नियम नाही. तिथे शाकेन नावाची तपासणी असते, नव्या खासगी गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. जुनी गाडी त्यातून पास करून घेणं खर्चिक पडतं, म्हणून लोक गाड्या काढून टाकतात. इंजिन कमी चाललेलं असू शकतं, भरपूर चाललेलंही असू शकतं. कॉम्प्रेशन टेस्ट करा, मीटरवरच्या आकड्याला भुलू नका.

४. पार्ट नंबर वाचायला शिका

दुकानदाराला पार्टचं नाव सांगू नका, नंबर सांगा. या सगळ्या उद्योगातली सर्वांत उपयोगी सवय हीच.

टोयोटाच्या नंबरातले पहिले पाच अंक पार्ट कोणता ते सांगतात: ९०९१५ ऑईल फिल्टर, १६१०० वॉटर पंप, १३५६८ टायमिंग बेल्ट, ११११५ हेड गास्केट. पुढचे पाच अंक कोणत्या इंजिनाचा ते ठरवतात. निसानचंही तसंच: १५२०८ ऑईल फिल्टर, २१०१० वॉटर पंप, ११०४४ हेड गास्केट. होंडाच्या नंबराचे तीन तुकडे असतात आणि मधला तुकडा सोन्यासारखा, कारण तो पार्ट कोणत्या इंजिनासाठी पहिल्यांदा काढला ते त्यात येतं. १४४०० म्हणजे टायमिंग बेल्ट, १९२०० म्हणजे वॉटर पंप आणि मधे पी३०, पी७३ किंवा पीआर३ असं काही. होंडाची बी मालिकेतली इंजिनं वापरणारे लोक पिस्टनची ओळखही याच तुकड्यानं करून देतात.

नंबर काढायला कंपनीचा इलेक्ट्रॉनिक कॅटलॉग लागतो. अमायामा, पार्टसूक अशा वेबसाइटवर तो चित्रांसकट बघता येतो. तिथे बाजार 'जपान' निवडा. ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. पूर्ण चॅसिस नंबर टाका, म्हणजे उत्पादनाचा महिना आपोआप लागू होतो. एकाच चित्रात एका पार्टला दोन-तीन नंबर दिसले तर शेजारच्या तारखा वाचा. पिढी बदलण्याच्या आसपासच्या महिन्यांतल्या गाड्यांत हा गोंधळ जास्त.

जुना नंबर 'बंद' दिसला म्हणून हात टेकू नका. कंपन्या नंबर बदलत राहतात आणि जुन्या नंबराच्या जागी नवा येतो. कॅटलॉग बहुतेक वेळा ती साखळी दाखवतो. खरोखरच बंद झालेल्या काही पार्टांचं उत्पादनही परत सुरू झालंय. निसानच्या निस्मो या स्पोर्ट विभागानं २०१७ मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी हेरिटेज पार्ट काढायला सुरुवात केली आणि पुढे आर३३, आर३४ त्यात आल्या. टोयोटानं जीआर हेरिटेजखाली ए७० आणि ए८० सुप्रासाठी तेच केलं आणि नंतर एई८६ घेतली. किमती ऐकून घाम फुटतो, पण पार्ट नवा असतो.

५. इंजिनाचे भाऊबंद शोधा

जपानहून मागवण्याआधी बघा, याच मालिकेचं इंजिन दुसऱ्या कोणत्या बाजारात विकलं गेलं होतं. २जेझेडचं बिनटर्बोचं रूप, २जेझेड-जीई, लेक्सस जीएस३००, आयएस३०० आणि एससी३०० मध्ये जगभर गेलं. एसआर२०डीई निसान सेंट्रा आणि इन्फिनिटी जी२० मध्ये होतं. त्यामुळे बेल्ट, सील, बेअरिंग, थर्मोस्टॅट असले झिजणारे पार्ट अनेकदा साध्या दुकानात मिळतात, फक्त लेबलवर दुसऱ्याच गाडीचं नाव असतं. दोन्ही गाड्यांच्या कॅटलॉगमध्ये तो पार्ट काढा. नंबर अक्षरशः सारखा असेल तर डोळे मिटून घ्या. एक अंकही वेगळा असेल तर का वेगळा ते कळेपर्यंत थांबा.

भाऊबंदांवर कुठे विसंबायचं नाही? इंधन, हवा आणि वीज यांच्या बाबतीत. जपानी बाजारातल्या २जेझेड-जीटीईला ४४० सीसीचे इंजेक्टर आणि सिरॅमिक चक्राचे टर्बो होते, निर्यातीच्या सुप्राला ५५० सीसीचे इंजेक्टर आणि स्टीलच्या चक्राचे टर्बो. दोन्ही इंजेक्टरांचा विद्युत रोधही वेगळा. टोयोटाच्या ४ए-जीईच्या २० व्हॉल्व्हच्या दोन पिढ्यांत तर हवा मोजायची पद्धतच बदलली: चंदेरी कव्हरवाल्याला झडपेचं एअर फ्लो मीटर, काळ्या कव्हरवाल्याला मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर. बाहेरून दोघं सख्खे भाऊ.

६. मधले पार्ट: इथे वेळ द्या

क्लचचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळे रकाने एकत्र येतात. क्लचप्लेटच्या मधल्या भोकाचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळायला हवेत, म्हणजे तिची आतली बाजू गिअरबॉक्सची. तिचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशरप्लेटचा. फ्लायव्हील क्रँकला बसतं, म्हणजे ते इंजिनाचं. मित्सुबिशीच्या ४जी६३ मध्ये जुन्या क्रँकला फ्लायव्हील ६ बोल्टांनी बसायचं, १९९२ च्या मध्यापासून ७ बोल्टांनी. कोड तोच. रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या नळीवर सरकतं, पण त्याची उंची प्रेशरप्लेटशी जमली नाही तर क्लच एकतर पूर्ण सुटत नाही किंवा पूर्ण धरत नाही. क्लचचा खालचा आणि वरचा सिलिंडर बहुधा दोन वेगळ्या गाड्यांचे. म्हणून 'या गाडीचा क्लच सेट द्या' हे वाक्य इथे निरर्थक आहे. दात्यांची संख्या, शाफ्टचा व्यास आणि प्लेटचा बाहेरचा व्यास मोजून लिहा आणि त्या मापांवर मागा.

माप घेण्याची ही सवय बाकीच्या मधल्या पार्टांनाही लावा. सुदैवानं बऱ्याच पार्टांवर माप छापलेलंच असतं. बेल्टवर ४पीके८९० असेल तर चार पन्हळी आणि ८९० मिलिमीटर लांबी. ऑईल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी याच क्रमानं असतात. बेअरिंगवर ६२०३ दिसलं तर ते १७ बाय ४० बाय १२ मिलिमीटरचं, जगात कुठेही. अशा पार्टला गाडीचं नाव लागतच नाही. रेडिएटरच्या होजपाइपांना दोन टोकांचे आतले व्यास आणि वळणाचा आकार लागतो. जाड तार वाकवून आकार करा आणि ती तार दुकानात घेऊन जा. तिथे टांगलेल्या पाइपांपैकी एखादा कापून बसतोच.

आट्यांची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जपानी इंजिनात ऑईल प्रेशरच्या स्विचचं भोक बहुधा १/८ इंची ब्रिटिश टेपर आट्यांचं असतं, इंचाला २८ आटे. बाजारातले बरेच प्रेशर मीटर अमेरिकन टेपर आट्यांचे, इंचाला २७. दोन-तीन फेरे सहज जातात, मग घट्ट होतं, आणि माणूस पाना लावून जोर करतो. भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम तडकतं किंवा ऑईल पाझरत राहतं. अ‍ॅडॉप्टर स्वस्त असतो. तसंच एम१० चा बोल्ट जपानी इंजिनात बहुधा १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो, बाजारात सर्रास मिळणारा १.५ चा. हातानं शेवटपर्यंत फिरत नसेल तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही.

माउंटिंग आणि इंजिनचे ब्रॅकेट कुणीतरी वेल्डिंग करून बनवलेले असतील, तर त्यातलं रबर मात्र कुठल्यातरी खऱ्या गाडीचंच असतं. ते कोणत्या गाडीचं ते वहीत लिहा. ते फाटणार, हे ठरलेलं.

७. सेन्सर: आधी मोजा, मग मागवा

नवखे लोक सर्वांत जास्त पैसे सेन्सरवर उधळतात. इंजिन नीट चालेना की एअर फ्लो मीटर, मग ऑक्सिजन सेन्सर, मग आणखी काही. आधी मल्टिमीटर काढा. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर २० अंश सेल्सियसला साधारण २ ते ३ किलोओम दाखवतो आणि ८० अंशांना सुमारे ०.३ पर्यंत उतरतो. हे टोयोटा आणि निसानच्या त्या काळच्या बहुतेक सेन्सरांना लागू आहे. भांड्यात पाणी तापवून घरीच तपासता येतं. आकडे बरोबर आले तर दोष वायरिंगमध्ये शोधा. तीसेक वर्षांचं वायरिंग उष्णतेनं कडक झालेलं असतं आणि कपलरची कडी हात लावताच तुटते. माझ्या मते स्वॅपमधल्या गूढ आजारांचं पहिलं संशयित नेहमी वायरिंग आणि अर्थिंग, सेन्सर त्यानंतर. कपलरही सुटे मिळतात, पिनांची संख्या आणि आकार पाहून.

८. काय नवं, काय जुनं

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि पुली, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचे पुढचे-मागचे सील, कॅमचे सील, टॅपेट कव्हरचं गास्केट, प्लग आणि मागच्या बाजूचे हीटरचे पाइप नवे घ्या. गाडीत बसल्यावर यातला मागचा सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कंपनीच्या डब्यातलं परवडत नसेल तर ज्यांनी कंपनीला माल पुरवला त्यांचा घ्या: वॉटर पंपाला आयसिन, क्लचला एक्सेडी, प्लगला एनजीके किंवा डेन्सो, बेल्टला मित्सुबोशी किंवा बँडो. प्लगची उष्णता नीट बघा. एनजीके आणि डेन्सो दोघांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, पण मोजपट्टी वेगळी: एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२.

मॅनिफोल्ड, ब्रॅकेट, अल्टरनेटरची चौकट, टॅपेट कव्हर हे जुने घ्यायला हरकत नाही. टर्बो जुना घेतला तर शाफ्ट हातानं हलवून पाहा. सिरॅमिक चक्राचा असेल तर एक्झॉस्टकडच्या पात्यांच्या कडा उजेडात तपासा. प्लग, ऑईल फिल्टर आणि एअर फ्लो मीटर यांच्या नकला बाजारात खूप आहेत. किंमत खऱ्याच्या निम्म्याहून कमी असेल तर कारण तेच असतं.

९. ऑर्डर देताना

विक्रेत्याला एकाच निरोपात चार गोष्टी पाठवा: इंजिन कोड, डोनरचा चॅसिस कोड, पार्ट नंबर आणि जुन्या पार्टचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. 'टर्बोवालं जपानी इंजिन आहे' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. परदेशातून मागवत असाल तर जड आणि हलके पार्ट वेगळे करा. सील, गास्केट, सेन्सर एका पार्सलमध्ये स्वस्तात येतात, फ्लायव्हीलचं भाडं त्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं. आपल्या देशात इंजिन बदलल्याची नोंद कागदपत्रांवर करावी लागते का, तेही इंजिन घेण्यापूर्वीच विचारून घ्या.

पार्ट आला की डबा फोडून लगेच जुन्याशेजारी ठेवून बघा: भोकं, उंची, कपलर, आटे. नवा बसून गाडी आठवडाभर चालेपर्यंत जुना पार्ट भंगारात टाकू नका. आणि वहीतल्या पानांची एक प्रत डॅशच्या कप्प्यात ठेवा. गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे गेली तर तोही पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.